शिंपल्यातली माती

आमच्या घरात स्पेन शिरला तो बटाट्यांतून. त्याआधी त्या देशाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की शाळेच्या नकाशात तो पिवळा आहे, आणि आईला एवढंच ठाऊक होतं की तो पोर्तुगालच्या शेजारी आहे, म्हणजे आपल्या नात्यातलाच. आम्ही वसईचे ख्रिस्ती. पोर्तुगीज आमच्याकडून जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली होती, तरी आईच्या बोलण्यात ते परवा निरोप घेऊन गेल्यासारखे येत. त्यांचा शेजारी दारात आला तर त्याला जेवल्याशिवाय कसं जाऊ द्यायचं, असा तिचा साधा हिशेब होता.

पप्पांच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा बहारीनला होतो; तिथे बुसैतीनला एका अरब घरमालकाच्या अंगणात आमच्या दोन खोल्या होत्या. डोक्यावरून विमानं इतकी खाली जात की आई बोलता बोलता थांबे आणि विमान पुढे गेलं की वाक्य सोडलं होतं नेमकं तिथूनच उचले. आजही मी कुणाला रागावत असताना मध्येच थांबते, तेव्हा माझी मुलं म्हणतात, ‘मम्मी, विमान गेलं.’ पप्पा सित्र्याला तेलाच्या कारखान्यात कामाला. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजवी आणि पप्पा तोंडात खुबूस रोटीचा तुकडा धरून बुटांच्या नाड्या बांधत पळत. संध्याकाळी परत येत तेव्हा अंगाला तेलाचा वास असे, आणि आई त्यांना अंगणातल्या नळाखाली गेल्याखेरीज आत घेत नसे. सुट्टीवरून कुणी परतलं की वसईहून सुकेळी यायची, केळीच्या सोपट्यात गुंडाळलेली. दोन-चार खाऊन झाली की आई उरलेली पुन्हा बांधून डब्यात टाकी. तिची एक खास गाठ होती, दोनदा पीळ देऊन टोक आत खोचलेली, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच बापाला सुटली नाही. “फिलूनं बांधलेलं कात्रीनंच सुटतं,” पप्पा म्हणायचे. मसाल्याची पुडी असो नाहीतर माझी वेणी, गाठ तीच.

आणखी एक माणूस आमच्या घरात होता, म्हणजे नव्हता. माझ्या पाठीवर आईला मुलगा झाला होता, आंतोन. नऊ दिवस जगला. मनाम्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत भिंतीच्या कडेला त्याची वीतभर कबर आहे. आमच्याकडे वसईला घराण्याची कबर एकच असते. काही वर्षांनी ती उघडतात, आधीच्या माणसाची हाडं कापडात गोळा करून नव्या माणसाच्या पायाशी ठेवतात, म्हणजे आजी, काका, आत्या सगळी एकत्र. पप्पांचा व्हिसा संपला की आम्ही परत जाणार आणि आंतोन वाळूत एकटा राहणार, हे आईला आतून खात असे. ती ते बोलून दाखवी वर्षातून एकदा, दोन नोव्हेंबरला, मेलेल्या माणसांच्या दिवशी. त्या दिवशी पप्पा टॅक्सी करत आणि आम्ही मेणबत्ती आणि झेंडूची पिशवी घेऊन त्याच्याकडे जायचो.

पिलारबाई आम्हांला चर्चमध्ये भेटली. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मीस, चर्चमधली मुख्य प्रार्थना, आम्ही शुक्रवारीच ऐकायचो. मीस संपल्यावर अंगणात चहा असे, आणि तिथे ही उंच, काटकुळी, उन्हानं भाजलेली बाई प्रत्येकीला इंग्रजीत विचारत होती की तिखट न घालता स्वयंपाक करणारी कुणी आहे का. सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. आईनं पदर सावरला आणि मला पुढे ढकललं. “सांग तिला, येतं म्हणावं. एकदा करून बघीन.” मी तोवर आईच्या तोंडून ‘कमी तिखट’ हा शब्द ऐकलेला नव्हता.

एका परदेशी पथकाबरोबर ती आली होती. बहारीनमध्ये तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलच्या मैल मातीचे उंचवटे होते, पाठीला पाठ लावून बसलेल्या उंटांसारखे. प्रत्येक उंचवट्याच्या पोटात चार हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं. शहर वाढत होतं, नवे रस्ते त्यांच्यावरून जाणार होते, आणि बुलडोझर येण्याआधी जेवढं उकरून नोंदवता येईल तेवढं नोंदवायचं, हे पथकाचं काम. सलमाबादला एका टायरच्या गोदामाशेजारी त्यांचं गोदाम होतं. एका टोकाला स्वयंपाक, दुसऱ्या टोकाला लांब टेबलांवर खापऱ्या, मणी, हाडं. आई सकाळी साडेसहाला पिलारबाईच्या धुळकट जीपमध्ये बसून जाई, आणि दुपारी शाळा सुटली की भाजी घ्यायला मनाम्यात आलेली पथकाची व्हॅन मला उचलून तिथे सोडी. पप्पांना हे पसंत नव्हतं. “मेलेल्यांच्या ऑफिसात बायकोला नोकरी लागली,” ते मित्रांना सांगत. पण आई खूश होती. ते पुरुष निमूट जेवतात, ताटात काही टाकत नाहीत आणि उठताना थँक्यू म्हणतात, हे तिला नवलाचं वाटे.

पहिल्याच आठवड्यात पिलारबाई आमच्या घरी आली आणि आईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन तिनं बटाट्याचं आमलेट केलं. बटाटे पातळ चिरून मंद तेलात अर्धा तास ठेवायचे, मग अंड्यात घालून जाड पोळा करायचा आणि वर ताटली पालथी घालून एका दमात उलटायचा. आई श्वास रोखून बघत होती. पोळा अख्खा उलटला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या आणि पहिला घास घेतल्यावर मला हळूच म्हणाली, “चांगलं आहे गो. पण आजाऱ्याला देतात तसं.” पुढच्या खेपेला तिनं त्यात आमचा बाटलीत भरून ठेवलेला लाल मसाला घातला. पिलारबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसत तिनं तीन तुकडे खाल्ले, आणि तेव्हापासून आमच्या घरी ते आमलेट लालच होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई मोठ्यानं मराठीत बोले, मध्ये हिंदी पेरी आणि शेवटी ‘खलास’ म्हणे. पिलारबाई स्पॅनिशमध्ये उत्तर देई; माझ्याशी मात्र इंग्रजीत बोले. बटाटा, साबण, चावी, पाव असं एकेक नाव दोन्हीकडून बाहेर येई आणि ते ओळखीचं निघालं की दोघी एखादी हरवलेली आत्या सापडल्यासारख्या आनंदत. माती वाहायच्या घमेल्याला आम्हीही घमेलंच म्हणतो हे कळलं, त्या दिवशी पिलारबाईनं आईला चक्क मिठी मारली.

पण ‘तुम्ही पोर्तुगीज’ असं आई म्हणाली की ती मान जोरजोरात हलवी. “नाही नाही, फिलोमेना. आम्ही वेगळे.” ती पोर्तुगालच्या सीमेजवळच्या एका खेड्यातली. बुचाची झाडं, डुकरं, दगड आणि दारिद्र्य, असं तिनं एका दमात वर्णन केलं होतं. स्पेन म्हटलं की लोक बैलांची झुंज आणि झगे घालून नाचणाऱ्या बायका विचारतात, याचा तिला भयंकर राग. आयुष्यात तिनं एकही झुंज पाहिली नव्हती आणि नाच तिला येत नव्हता. “माझा स्पेन म्हणजे माझी आजी, काळ्या कपड्यांत, तोंड मिटून बसलेली,” असं ती म्हणे. मला ते तेव्हा कळलं नाही. आमच्या वसईच्या आज्या लाल लुगडी नेसत आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलत.

मी पंधरा वर्षांची होते. गोदामात माझं खरं म्हणजे काही काम नव्हतं. आईला कांदे चिरून द्यावेत आणि गृहपाठ करावा. पण पिलारबाईच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले की मला हलावंसं वाटत नसे. ती खापऱ्यांची चित्रं काढायची. डाव्या हातात खापरी, उजव्या हातात टोकदार पेन्सिल. एक दिवस तिनं न बोलता माझ्यापुढे एक खापरी आणि माझीच आलेखाची वही सरकवली. मी छान गोल मडकं काढलं. ती म्हणाली, “सुंदर. पण हे तू कुठे पाहिलंस? तुझ्यासमोर तर तुकडा आहे. दिसतं तेवढंच काढ, थेथिल्या.” माझं नाव सिसिलिया, तिच्या तोंडी ते असं झालं होतं. मी दहा दिवस तोच तुकडा काढत होते. अकराव्या दिवशी तिनं वही उचलून नुसतं ‘हं’ केलं. नंतर मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नाही.

ती तिथे चित्रं का काढत बसते, हे मला हळूहळू समजलं. तिच्याकडे डॉक्टरेट होती. पथकातल्या दोन तरुणांकडे नव्हती, पण ते खणायचे आणि ती टेबलावर. पथकाचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळे प्रोफेसर म्हणायचो, वर्षातून दोनदा युरोपातून येत. त्यांचं म्हणणं, बायकांचा हात नाजूक, त्यांनी मांडी घालून खापऱ्या जुळवाव्यात. शिवाय इथले मजूर बाईचं ऐकणार नाहीत. मजुरांचा मुकादम ‘आली’ नावाच्या गावचा एक म्हातारा हाजी होता. तो तिला ‘दोक्तोरा’ म्हणे, तिच्यासाठी घरून मुळे आणि खजूर आणे आणि तिनं एकदा ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हटलं की त्याची माणसं इतर कुणाच्याही आधी उठत. पण प्रोफेसरांना हे कोण सांगणार? तीन हिवाळे ती टेबलाशी बसली. चौथ्या वर्षी रस्त्याचं काम अंगावर आलं, माणसं कमी पडली, तेव्हा त्यांनी तिला एक छोटा उंचवटा दिला. हा नीट केलास तर पुढचा मोठाही तुझा, असं पत्रात लिहिलं. ते पत्र तिनं आईला दाखवलं. आईला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिनं कागदाला हात लावून कपाळाला लावला.

तो उंचवटा पिलारबाईनं पाच आठवड्यांत उकलला. मधल्या दगडी खोलीत एक बाई होती, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. तिच्या गळ्याशी मणी, हाताशी एक मोठा शिंपला, आणि शिंपल्यात काळसर माती. बाहेरच्या भिंतीला टेकून आणखी एक लहानशी खोली निघाली, पाळण्याएवढी. तिच्यात एक तान्हं मूल. त्याच्याही मनगटाशी मणी होते. दोघांचे मणी एकाच जातीच्या दगडाचे आहेत की नाहीत आणि शिंपल्यातली माती म्हणजे काजळ की रंग की आणखी काही, यावर पिलारबाईचं सगळं लिखाण अवलंबून होतं. ती माती परदेशी तपासायला जायची होती. दोन लाकडी पेट्या केल्या, एक बाईची, एक बाळाची. मणी पाकिटांत, प्रत्येक पाकिटावर आकडा. मी सतरा मणी एकेक करून माझ्या आलेखाच्या वहीत काढले, आकड्यांसकट. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला ते आवडत होते.

एक नोव्हेंबरला पिलारबाईनं आमच्या ओट्यावर बदाम वाटले आणि साखरेच्या पाकात घोटून बोटाएवढ्या नळ्या वळल्या. हे काय म्हणून आईनं विचारलं. मी भाषांतर केलं, “संतांची हाडं. त्यांच्याकडे आज हे खातात.” आईनं आधी कपाळाला-छातीला हात लावून कुरूस केला, मग एक उचलून खाल्लं आणि मग दुसरं. “हाडं चांगली आहेत हां बाय,” ती म्हणाली. नळ्या वळता वळता पिलारबाई आपल्या आजीबद्दल बोलली. त्या दिवशी तिच्या गावातल्या सगळ्या बायका दफनभूमीत जाऊन कबरी घासूनपुसून फुलं ठेवत. आजीही जाई. पण तिथलं सगळं आटोपलं की ती एक फूल मुठीत ठेवून गावाबाहेरच्या रस्त्यानं ऑलिव्हच्या बागेपर्यंत चालत जाई. एका ठिकाणी रस्त्याकडेच्या खड्ड्यापाशी ते फूल तिच्या हातातून गळे, चुकून पडल्यासारखं. ती खाली बघत नसे, थांबत नसे. तिथे आजोबा होते. बुचाची साल काढणारा माणूस, लिहिता-वाचता येत नव्हतं, यादवी युद्धात एका सकाळी त्याला आणखी सहा जणांबरोबर घरातून नेलं. “कुठे पुरलंय ते गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे,” पिलारबाई म्हणाली. “आणि कुठल्याही पुस्तकात नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं खणायला मला बंदी आहे, म्हणून मी चार हजार वर्षांपूर्वीचं खणते.” त्यांचा हुकूमशहा तेव्हा नुकताच वारला होता, तरी अजून कुणी तोंड उघडत नव्हतं. मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. आईनं काम थांबवलं नाही, पण पुढची सगळी हाडं तिनं फार हळू वळली.

दुसऱ्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, पप्पांना शिफ्ट बदलून मिळाली नाही. टॅक्सी नाही, दफनभूमी नाही. मला परीक्षा होती, मी गोदामात गेले नाही. आई मेणबत्ती आणि झेंडू पिशवीत घालूनच कामाला गेली, संध्याकाळी जमलं तर जमलं म्हणून. संध्याकाळी जमलं नाही. घरी आली तेव्हा पिशवी रिकामी होती. मी विचारलंही नाही.

तीन तारखेला दुपारी मी गोदामात पोचले तेव्हा पिलारबाई नुकतीच सरकारी कचेरीतून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसर येणार, म्हणून पेट्या एकदा बघून घेऊ म्हणाली. बाळाची पेटी उघडली तर रिकामी. आत फक्त पाकिटं, नीट घडी करून ठेवलेली. बाईची पेटी उघडली. खाली आईचा पांढरा धुतलेला पंचा अंथरलेला होता. त्यावर ती बाई होती, आणि तिच्या पोटाशी, वाकलेल्या गुडघ्यांच्या आत, ते बाळ. हाडन् हाड पुसलेलं. शिंपला चकचकीत घासलेला आणि त्यात एक झेंडूचं फूल. आणि सतराच्या सतरा मणी एका निळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या मनगटाशी मनगटीसारखे ठेवलेले, दोनदा पीळ देऊन, टोक आत खोचून.

मी आईला हाक मारली तेव्हा ती हात पुसत आली आणि आमचे चेहरे बघूनही तिला काही वाटलं नाही.

“आई, हे तू केलंस?”

“मग कोण करणार? काल मेलेल्यांचा दिवस होता ना. पोर तिकडच्या खोक्यात एकटं पडलं होतं. आईजवळ ठेवलं, मेणबत्ती लावली.”

“आणि शिंपल्यातली माती?”

“ती टाकली बाहेर झाडाखाली. घाण होती गो.”

मी तिच्यावर तुटून पडले. एवढी वर्षं झाली, तरी तेव्हा मी जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते. अडाणी म्हणाले. तिची पाच आठवड्यांची मेहनत तू पाण्यात घातलीस, उद्या तो प्रोफेसर तिच्याकडून सगळं काढून घेईल, असं म्हणाले. आईचा चेहरा उतरत गेला. तिला खरंच कळलं नव्हतं. ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, “मना वाटलं, आपला आंतोन पण तसाच पडलाय. कुणी तरी त्याला असं जवळ ठेवलं तर मना किती बरं वाटेल.”

पिलारबाईनं मला विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. तिला आंतोनबद्दल माहीत नव्हतं; तेही सांगितलं. ती आईच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला. तिला राग आला नव्हता असं नाही. तिच्या कानशिलाची शीर मला दिसत होती. “माझ्या आजीनंही हेच केलं असतं,” ती म्हणाली. “पण मला त्यांना वेगळं करावं लागेल, फिलोमेना. त्यांच्या माणसांनी मध्ये भिंत बांधली होती. मुद्दाम, गिलावा करून. का, ते मला माहीत नाही. कदाचित हे तिचं मूलच नसेल. कदाचित ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी कुणी तरी त्याला मुद्दाम तिच्या दाराशी आणून ठेवलं असेल. मी त्यांना असंच ठेवलं तर ते आपल्याला कधीच कळणार नाही.”

कात्री मीच आणली. गाठ तिनं कापली नाही, बाजूचा दोरा कापला. मणी टेबलावर ओतले आणि मी माझी आलेखाची वही उघडली. सहा नंबरला एका बाजूला टवका होता. अकरा आणि चौदा जुळ्यासारखे, पण चौदाचं भोक तिरकं. एकेक मणी मी वहीशी ताडून बघितला आणि एकेक पाकिटात गेला. संध्याकाळची मगरीबची बांग झाली तेव्हा सतरावा मणी जागेवर होता. पिलारबाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाडं तिच्या स्वतःच्या चित्रांवरून परत मांडली. राहिला शिंपला.

आई इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, “बाय, थोडी काळी माती आणते. भर त्यात. कुणाला काय कळतंय?” खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. चुलीची राख, थोडी वाळू, पाण्याचे चार थेंब. मी भाषांतर केलं आणि आशेनं पिलारबाईकडे बघितलं.

तिनं शिंपला हातात घेतला. “माझ्या गावात चाळीस वर्षं हेच केलंय,” ती म्हणाली. “कुठलीही माती भरली आणि म्हणाले, इथे काही नव्हतं.” आणि तिनं तो रिकामा शिंपला पेटीत ठेवला.

प्रोफेसर सकाळी नऊला आले. गोरे, म्हातारे, टोपी काढून आईलाही नमस्कार करणारे. मी शाळा बुडवली होती. पिलारबाईनं त्यांना भिंत दाखवली, नकाशे दाखवले, मण्यांचे दोन गट दाखवले. ते मान डोलावत होते. मग तिनं सरळ सांगितलं की शिंपल्यातली माती गेली, पेट्यांना कुलूप नव्हतं, चूक तिची. आईचं नावही तिनं घेतलं नाही. प्रोफेसरांचा चेहरा हळूहळू बंद झाला. तेवढ्यात आई एप्रन घातलेल्या अवस्थेतच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. जमेल तशा इंग्रजीत, हिंदीत ती म्हणाली, “सर, मैंने किया. आय डू. मॅडम नो मिस्टेक. मॅडम गुड, सर. व्हेरी गुड.” नोकरी जाईल हे तिला ठाऊक होतं. पप्पांच्या मागे लागून मिळवलेली तिच्या आयुष्यातली पहिली नोकरी.

प्रोफेसर सभ्यपणे हसले. म्हणाले, साइट म्हणजे स्वयंपाकघर नव्हे, ही गोष्ट ते पहिल्यापासून सांगत होते. मग जेवायला बसले. आईनं त्या दिवशी हामूर माशाचं कालवण केलं होतं. त्यांनी ते तीनदा वाढून घेतलं, फार चांगलं झालंय म्हणाले आणि हात पुसून पुढचा मोठा उंचवटा त्या तरुणांपैकी एकाला देऊन टाकला. त्या माणसाचा मला अजूनही राग येतो. पुढे मी इतिहास शिकवला तेव्हा कमिट्यांवर असे पुष्कळ भेटले. सभ्य, टोपी काढणारे.

त्या शुक्रवारी आई चर्चला आली नाही. कुठल्या तोंडानं जाऊ म्हणाली. शनिवारी सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर जीपचा हॉर्न वाजला. वाजतच राहिला. शेवटी घरमालकीण बाहेर येऊन आईवर ओरडली, “यल्ला, जा ना!” आई गेली. पिलारबाई पुन्हा टेबलाशी बसली, आणखी दोन हिवाळे. दुपारी शेजारी मी. त्या सगळ्यात तिनं एकदाही आईला त्या गोष्टीची आठवण करून दिली नाही, आणि आईनंही आमलेटमधला मसाला अर्ध्यावर आणला, हीच तिची माफी.

पप्पांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. दोन वर्षांनी कॉलेजसाठी मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा मी फॉर्मवर इतिहास लिहिलं. पप्पांनी फॉर्म दोनदा वाचला. “हिस्टरी करून ऑफिसात कोण घेणार आहे तुला?” त्यांनी विचारलं. आई ओट्याकडे तोंड करून पप्पांना म्हणाली, “सही कर, इनास. वही तिची होती म्हणून सतरा मणी परत मिळाले.” पप्पांनी सही केली.

पिलारबाई आणि मी पत्रं लिहीत राहिलो. चर्चमधल्या एका गोव्याच्या फादरकडून मी थोडी स्पॅनिश शिकले, तिनं ‘गो’ आणि ‘बाय’ कधी सोडलं नाही. शेवटच्या काही पत्रांत अक्षर थरथरायला लागलं होतं. त्यातल्या एकात तिनं लिहिलं की तिच्या गावचा तो खड्डा अखेर उघडला. ऑलिव्हच्या बागेच्या कडेला ती खुर्ची टाकून चार दिवस बसून होती. खणणारी सव्वीस वर्षांची पोरगी होती, आणि मजूर तुझं ऐकतील का, असं तिला कुणी विचारलं नाही. सात माणसं निघाली. आजोबा त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावरून ओळखू आले. बुचाची साल काढायची छोटी कोयती अजून त्यात होती. ‘मी उठून एक घमेलं माती उचलली,’ तिनं लिहिलं होतं. ‘एकच. डॉक्टर रागावले.’

आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. वसईच्या घराण्याच्या कबरीत ती आहे, आणि तिच्या पायाशी आजी. आंतोन मनाम्यातच. मागच्या हिवाळ्यात स्पेनहून एक पाकीट आलं. पिलारबाईच्या भाचीनं पाठवलं होतं. मावशी गेली, तिच्या रोजनिशीतलं हे पान तुम्हांला पाठवायला सांगितलं होतं. पान तीन नोव्हेंबरचं. शब्दकोश न घेता मी ते वाचू शकले.

‘आमच्या स्वयंपाकीण बाई फिलोमेना यांनी काल बाळाला बाईजवळ ठेवलं. मी आज त्यांना वेगळं केलं. मणी थेथिल्याच्या चित्रांवरून लावले, एकही चुकलेला नाही. शिंपल्यातली माती गेली, ती परत येणार नाही. नंतर येणाऱ्यांसाठी नोंद: दीड दिवस ती दोघं एकत्र होती.’

खाली, पानाला टाचणीनं अडकवलेला निळ्या दोऱ्याचा एक तुकडा होता. पन्नास वर्षांत रंग उडून पांढुरका झालेला. गाठ दोनदा पीळ दिलेली, टोक आत खोचलेलं. माझ्या धाकटीनं ती नखानं सोडवायला घेतली. मी म्हटलं, राहू दे गो, ती सुटायची नाही.